वरच्यांचे पाणी, खालच्यांची बांधी

३० ऑगस्ट २०२० चा रविवार होता, मोहर्रमची दहा तारीख. कोरोनाचे दिवस, त्यामुळे रस्त्यावर शरबताची सबील नव्हती आणि कोणाकडे जाणे-येणेही नव्हते. घरातल्या मोठ्यांचे रोजे होते. दुपारी नागपूरहून खालाजानचा फोन आला. त्या मोमीनपुऱ्यात राहतात आणि त्या काळात दिवसभर टीव्हीसमोर बसून असायच्या. "भंडारा पाण्याखाली गेला म्हणे. तुमच्याकडे किती आले?" आम्ही खिडकीतून बाहेर पाहिले. सावलीत आभाळ उघडले होते. "खाला, इथे तर पाऊसच नाही," आम्ही म्हणालो. त्या जरा चिडल्याच. "पाऊस नसेल, पण नदी तर तीच आहे ना!"

आम्ही वर्गात भूगोलही शिकवतो. वैनगंगेचा उगम, तिच्या उपनद्या, सगळे तोंडपाठ आहे. पण पूर म्हणजे आपल्या डोक्यावरचा पाऊस हीच समजूत आमच्याही मनात घट्ट बसलेली होती.

शाळा बंद होत्या आणि ऑनलाइन अभ्यासासाठी पालकांचे व्हॉट्सॲप गट केलेले होते. त्या दिवशी गटांवर गृहपाठ गेला नाही. ब्रह्मपुरीकडच्या एका शिक्षक मित्राने कळवले की नदीकाठच्या बांध्या बुडाल्या आणि पाणी चढतेच आहे. आम्ही ते व्याहाडकडच्या पालकांना कळवले, त्यांनी आपल्या पाव्हण्यांना. मोटारपंप काढा, जनावरे वर न्या, घरातले धान्य माळ्यावर ठेवा. काहींनी ऐकले. काहींनी आमच्यासारखेच आभाळाकडे पाहिले आणि म्हटले, पाऊस कुठे आहे?

प्रशासनाचे इशारे आले नव्हते असे नाही, आले होते. पण इशारा कानावर पडणे वेगळे आणि तो उमगणे वेगळे. 'अमुक क्युमेक्स विसर्ग' म्हणजे माझ्या बांधीत किती पाणी, हे शेतकऱ्याला कोण सांगणार? पाणी ओसरल्यावर रोवणी होऊन महिना झालेल्या धानावर गाळाचा थर होता. एका विद्यार्थिनीचे वडील बांधावर उभे राहून आम्हाला म्हणाले, "वरच्यांना माहीत होते, पाणी सुटणार. मग खालच्यांना त्याचा अर्थ कोणी का नाही सांगितला?" ते रागावून बोलत नव्हते, खरोखरच विचारत होते. त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि हा लेख त्याच प्रश्नावर आहे.

आधी नदी समजून घेऊ. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते. तिकडेच तिच्यावर भीमगडचे धरण आहे, त्यालाच संजय सरोवर म्हणतात. बालाघाटवरून ती महाराष्ट्राच्या हद्दीला लागते, गोंदिया-भंडारा ओलांडते आणि पवनी तालुक्यात गोसीखुर्दच्या मोठ्या धरणाशी थांबते. तिथून खाली देसाईगंज, ब्रह्मपुरी, आरमोरी, आमची सावली, पलीकडे गडचिरोली. पुढे चपराळ्याजवळ वर्धा नदी मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीत जाते आणि पलीकडच्या काठावर तेलंगण असते. त्या ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, संजय सरोवरातून पाणी सुटले, भंडारा शहरात शिरले, गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी तालुक्यातली लाडजसारखी गावे पाण्याने वेढली गेली. बोटी घेऊन बचाव पथके आली. म्हणजे शिवनीचा पाऊस सावलीच्या धानावर पडला, एवढेच घडले होते.

हवामान बदलते आहे म्हणजे काय, हे आमच्या भागात कोणाला पुस्तकातून शिकवावे लागत नाही. पऱ्हे टाकून पावसाची वाट पाहायची आणि मग महिन्याचा पाऊस तीन दिवसांत यायचा, हे आता नेहमीचे झाले आहे. असा पाऊस नदीच्या एका टोकाला पडतो आणि हिशेब दुसऱ्या टोकाला चुकता होतो. म्हणून एकेका गावाने आपापले नाले साफ करून भागत नाही.

आता पुराचे बाजूला ठेवू. बाकीचे अकरा महिने हीच नदी आम्हाला आणखी एका शहराशी जोडते, आणि त्या शहराला त्याची फारशी कल्पना नाही. ते शहर म्हणजे नागपूर.

नाग नदी नागपूर शहराच्या पोटातून वाहते. शहराच्या नावाशी जोडलेल्या या नदीत आज मुख्यतः सांडपाणी असते. शहरातून रोज पन्नास कोटी लिटरांहून अधिक सांडपाणी निघते. त्यातले जे शुद्ध होत नाही ते नाग आणि पिवळी नदीतून कन्हानला मिळते, आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. हे आंभोरा म्हणजे पाच नद्यांचा संगम. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' तिथेच लिहिला असे सांगतात. मराठीच्या आद्य ग्रंथांपैकी एकाशी ज्या पाण्याचे नाव जोडले जाते, त्याच पाण्यात आज उपराजधानीचे गटार मिसळते. संगमाचे पाणी पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. नदी वाहत होती तोवर घाण निदान पुढे जायची. धरण भरू लागल्यावर वाहणे मंदावले, फुगवटा मागे सरकला, आणि संगमाच्या वरच्या अंगाला असलेल्या भंडारा शहरातसुद्धा पिण्याच्या पाण्याच्या तक्रारी सुरू झाल्या.

गोसीखुर्दचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. तेव्हा खर्चाचा अंदाज होता ३७२ कोटी रुपये. पुढे तो किती हजार कोटींवर गेला ते वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे आश्वासन होते. त्याचा उजवा कालवा सुमारे ९९ किलोमीटर धावत आमच्या तालुक्यातल्या आसोलामेंढा तलावापर्यंत येतो. इंग्रजांच्या काळातला हा तलाव आमच्या भागाचा जुना आधार. धानाच्या बांध्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर आणि मालगुजारी तलावांवर जगल्या. आता त्यात गोसीखुर्दचे पाणी येते. म्हणजे खालाजानच्या मोरीतले पाणी नाग नदीला, तिथून कन्हानला, वैनगंगेला, धरणाला, कालव्याला आणि शेवटी आमच्या बांधीला. आम्ही हे खालांना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तौबा! आणि तुम्ही आम्हाला दरवर्षी त्याच तांदळाची गोणी पाठवता!"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही, पण घाबरून जाण्यासारखीही नाही. एवढ्या अंतरात आणि एवढ्या मोठ्या जलाशयात घाण बरीच पातळ होते. आमचे म्हणणे वेगळे आहे. दोन ठिकाणांमध्ये इतके थेट नाते असताना त्यांच्यात बोलणे नाही, हे आम्हाला खटकते.

नागपूरला नुसता दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्या शहराने एक काम फार चांगले केले आहे. भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याचा करार महापालिका आणि महानिर्मिती यांच्यात २००८ मध्ये झाला. पुढे रोज सुमारे १३ कोटी लिटर पाण्यावर प्रक्रिया होऊ लागली. नंतर तिथेच २० कोटी लिटर क्षमतेचा आणखी एक प्रकल्प झाला आणि त्याचे पाणीही वीज केंद्रांसाठी ठरले. राख वाहून न्यायला आणि यंत्रे थंड करायला पिण्याचे पाणी कशाला हवे? तेवढे पेंचचे पाणी वाचले. देशातल्या फार थोड्या शहरांनी इतक्या मोठ्या प्रमाणावर हे केले आहे. आणि हेही पाहा की ते शहराच्या हद्दीत राहून जमलेच नसते. सांडपाणी शहराचे, गरज वीज केंद्राची, वाचलेले पाणी धरणाचे. तिघे एका कागदावर आले तेव्हा ते झाले.

नागपूरला या शहाणपणाची गरज का पडली, तेही सांगायला हवे. नागपूरच्याही डोक्यावर कोणीतरी आहे. पेंच नदी मध्य प्रदेशातून येते. छिंदवाडा जिल्ह्यात चौराईला तिच्यावर धरण झाले आणि खाली तोतलाडोहला येणारे पाणी घटले. त्यात पाऊस रुसला. २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोहने तळ गाठला आणि जुलै महिन्यात एवढ्या मोठ्या शहराला एक दिवसाआड पाणी द्यावे लागले. त्या दिवसांत खालाजान बादल्या भरून ठेवत आणि वुजूचा बधना मोजून वापरत. छिंदवाड्याच्या लोकांना नागपूरची आठवण का राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नेमका तोच प्रश्न वर्षभराने आमच्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी बांधावरून विचारला. वैनगंगेच्या खोऱ्यात प्रत्येक गाव कोणाच्या तरी खाली आहे आणि कोणाच्या तरी वर. तक्रार करताना आपल्याला वरचा आठवतो, खालचा आठवत नाही.

आमचाही खालचा आहे, सिरोंचा. तिथली गोष्ट तर आणखी उलटी, कारण तिथे खालच्यामुळे वरचा बुडतो. तेलंगणाने गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा बांधला. त्यासाठी २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन्ही राज्यांचा करार झाला, पाण्याची पातळी १०० मीटर ठरली. २०१९ मध्ये बंधारा सुरू झाला. सिरोंचा तालुक्यातले शेतकरी तेव्हापासून फुगवट्याने जमिनी बुडतात आणि काठ ढासळतात असे सांगत आले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर बंधाऱ्याचेच काही खांब खचले. दोन राज्यांनी एकत्र बसणे चांगलेच. पण बैठक मुंबईत झाली आणि नदी सिरोंच्यात आहे. या दोहोंत जवळजवळ हजार किलोमीटरचे अंतर आहे. सहकार्य राजधान्यांचे झाले, काठांचे झाले नाही.

काठांचे सहकार्य होऊ शकते का? राज्यातच एक उदाहरण आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे नाव होते. दोष कोणाचा यावर आजही वाद आहेत. पण जून २०२१ मध्ये आपले जलसंपदा मंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, आणि पावसाची, साठ्याची, विसर्गाची माहिती एकमेकांना वेळच्या वेळी देण्याचे ठरले. पुढच्याच महिन्यात पुन्हा महापूर आला, म्हणजे माहितीने पूर थांबत नाही हे खरे. पण घर रिकामे करायला मिळालेले काही तास कमी मोलाचे नसतात.

युरोपात ऱ्हाईन नदी स्वित्झर्लंडमधून निघून जर्मनी-फ्रान्सला स्पर्श करत नेदरलँड्सच्या समुद्राला मिळते. फ्रान्समधल्या पोटॅशच्या खाणी नदीत मीठ सोडत, आणि खाली डच लोकांच्या पिण्याच्या पाण्याला व फुलशेतीला त्याचा त्रास होई. वर्षानुवर्षे भांडण चालले. १९७६ मध्ये करार झाला तेव्हा मीठ रोखण्याच्या खर्चाचे वाटप ठरले. फ्रान्सने ३० टक्के, जर्मनीने ३० टक्के, स्वित्झर्लंडने ६ टक्के, आणि ज्याला त्रास होत होता त्या नेदरलँड्सनेच ३४ टक्के द्यायचे! आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा राग आला. चोरी त्यांची आणि दंड याला? नंतर वाटले, पैसे देणारा टेबलावर बसतो. डचांनी पैसे दिले म्हणून नदीच्या प्रत्येक निर्णयात त्यांना विचारावे लागले. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोज कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली, पाणी लाल झाले, वाम मासे हजारोंनी मेले. त्यानंतर सगळ्या काठांनी मिळून १९८७ मध्ये नदी सुधारण्याचा एकच कार्यक्रम हाती घेतला. सामन मासा नदीत परत आला पाहिजे, ही त्याची खूण ठरवली. मासा परत आला.

आपल्याकडे नाग नदीच्या सफाईसाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांची योजना मंजूर आहे. वाटा केंद्राचा, राज्याचा आणि नागपूर महापालिकेचा. भंडारा, पवनी, सावली यांचा एक रुपयाही नाही. म्हणून कामाला उशीर झाला तर विचारायचा हक्कही नाही. आमच्या नगरपंचायतीकडे देण्यासारखे पैसे कुठून येणार, हे आम्हाला ठाऊक आहे. पण बसायला एक खुर्ची मागायला काय हरकत आहे? त्यात २०२४ मध्ये राज्याने वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाला मान्यता दिली. गोसीखुर्दचे पाणी चारशेहून अधिक किलोमीटर नेऊन थेट बुलढाण्यापर्यंत पोहोचवायचे आहे. तसे झाले तर नागपूरच्या मोरीचे शेजारी आणखी वाढतील. बुलढाणेकरांनी आतापासून चौकशी केलेली बरी.

शहरांनी हवामानासाठी काही केलेच नाही असे नाही. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात 'माझी वसुंधरा' अभियान आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर गावांना आणि शहरांना गुण मिळतात. आमची मुले त्यात भिंती रंगवतात, रोपे लावतात, घोषणा देतात. २०२१ मध्ये ग्लासगोच्या जागतिक परिषदेच्या वेळी महाराष्ट्रातली ४३ शहरे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याच्या जागतिक मोहिमेत सामील झाली. हे सगळे चांगले आहे. फक्त एक शंका आहे. गुण ज्याचे त्याला आणि बक्षीसही ज्याचे त्याला. वरच्या गावाने आपला कचरा पुढे ढकलला तरी त्याचे गुण कमी होत नाहीत, आणि खालच्या गावाला वेळेवर फोन केला तरी वाढत नाहीत. परीक्षा घेणारे म्हणून आम्हाला ठाऊक आहे, प्रश्नपत्रिकेत जे नसते त्याचा अभ्यास कोणी करत नाही.

आम्ही उर्दूही शिकवतो, म्हणून आणखी एक गोष्ट सांगायचा मोह होतो. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया नावाचे शहर आहे. तुरिया नदीचे पाणी आठ कालव्यांनी तिथल्या शेतीला जाते. ही व्यवस्था अंदलुसच्या मुसलमानांच्या काळातली मानतात. कालव्याला तिथे आजही 'असेकिया' म्हणतात. हा शब्द अरबी 'साकिया'पासून आला आणि आपला 'साकी' त्याच घराण्यातला, पाणी पाजणारा. आठही कालव्यांचे शेतकरी आपापला प्रतिनिधी निवडतात आणि ते दर गुरुवारी दुपारी बारा वाजता चर्चच्या दाराशी बसतात. कोणी जास्त पाणी ओढले, कोणी पाट तुंबवला, तक्रार तोंडी, जबाब तोंडी, निकाल तिथल्या तिथे. वकील नाही, फाइल नाही. राज्ये बदलली, धर्म बदलला, पण गुरुवारची बैठक राहिली. २००९ मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. वरचा आणि खालचा दर आठवड्याला एकमेकांचे तोंड पाहतात, हेच तिचे रहस्य असावे. तोंड पाहावे लागते म्हटले की माणूस पाट तुंबवायला कचरतो.

आमच्याकडे गुरुवारची बैठक नाही. पण बालाघाट, भंडारा, पवनी, देसाईगंज, ब्रह्मपुरी, सावली, गडचिरोली, सिरोंचा आणि बरोबर नागपूर, यांच्या नगराध्यक्षांनी आणि मुख्याधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा, मे महिन्यात, पऱ्हे टाकण्याआधी एकत्र बसायला कोणता कायदा आड येतो? प्रत्येक नगरपंचायतीच्या फळ्यावर रोजचा विसर्ग लिहावा, आणि त्याच्याखाली सोप्या मराठीत लिहावे की एवढ्या पाण्याने कोणती वस्ती, कोणती पांधण बुडते. ते लिहायला आमच्या सहावी-सातवीच्या मुली तयार आहेत. २०२० ची खूण त्यांनी गावातल्या भिंतींवर, खांबांवर, झाडांवर स्वतः मोजलेली आहे.

तो व्हॉट्सॲप गट अजून चालू आहे. ती मुले शाळा सोडून गेली, पण पालक गट सोडत नाहीत. एकाने त्याचे नाव 'सहावी ब' बदलून 'नदी' केले. उन्हाळ्यात त्यावर फक्त सुप्रभातचे संदेश येतात, ते आम्ही मुकाट्याने सहन करतो. पाऊस लागला की ब्रह्मपुरीचे मित्र पुलाखालचा फोटो टाकतात. मागच्या पावसाळ्यात पवनीच्या एका बाईंना कोणीतरी गटात घेतले. त्यांचा पहिला संदेश असा होता: "सकाळपासून दरवाजे उघडताहेत. सात मोजले. तुमच्याकडे कोणाची बांधी काठावर आहे?"